दारूला सगळं कळतं

वर्ध्याचा माणूस परगावी पाहुणा म्हणून गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला सगळ्यांदेखत आणि खणखणीत आवाजात : "सेवाग्राम तुमच्यापासून किती लांब हो?" मी सांगतो, आठेक किलोमीटर. विचारणारा मान डोलावतो. त्या डोलावण्यात गांधीजींबद्दलचा आदर असतो आणि आपल्याला तिथं राहावं लागत नाही याचं समाधानही असतं. मग बायकामंडळी आत गेली की तो खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून दुसरा प्रश्न विचारतो, "पण मिळते ना?"

काय मिळते ते तो बोलत नाही आणि मीही विचारत नाही. मराठी मध्यमवर्गानं या एका वस्तूपायी व्याकरणाची जेवढी ओढाताण केली आहे तेवढी दुसऱ्या कशापायी केली नसेल. "घेता का?" "आज बसायचं का?" "काल जरा जास्त झाली." कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं क्रियापद. एखादा जर्मन पंडित मोल्सवर्थचा कोश मांडीवर घेऊन जन्मभर बसला तरी 'बसणे' म्हणजे पिणे हे त्याला उमगायचं नाही.

तर, वर्धा जिल्ह्यात १९७४ सालापासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३४ च्या सुमारास वर्ध्याला आले, ३६ साली सेवाग्रामला राहायला गेले. विनोबा पवनारला राहिले. एवढी मोठी माणसं ज्या जिल्ह्यात राहून गेली तिथं परमिट रूमच्या पाट्या शोभणार नाहीत असं सरकारला वाटलं, आणि ते गैर होतं असं मी म्हणणार नाही. आता मिळते का? मिळते. पन्नास वर्षं मिळते आहे. अधूनमधून पोलिसांची 'वॉश आउट' मोहीम निघते, कुठल्यातरी नाल्याकाठी मोहाचा सडवा ओतून दिल्याचा फोटो पेपरात येतो, ओतणाऱ्यानं नाकाला रुमाल लावलेला असतो, आणि मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या चेहऱ्यावर लग्नातलं पंचपक्वान्नाचं ताट उलथल्यासारखं दुःख असतं.

ज्याला गावठी चालत नाही त्याच्यासाठी भूगोल आहे. वर्धा नदीनं आमच्या जिल्ह्याला नाव दिलं आणि हद्दही दिली. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. पुलाच्या या टोकाला जो गुन्हा, तोच त्या टोकाला सरकारी महसूल. पुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं नैतिक स्थान काय, हा प्रश्न मला लहानशा तत्त्वज्ञालाही विचारावासा वाटतो. हिंगणघाटकरांवर तर मधली काही वर्षं फारच कठीण गेली. चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ साली दारूबंदी झाली ती २०२१ पर्यंत टिकली, आणि त्यापलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून होतीच. दक्षिणेकडे जावं तर कोरड्यातून कोरड्यात. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नागपूरच्या वाटेवर आमच्याच जिल्ह्यात एक गाव आहे, त्याचं नाव सिंदी. स्टेशनावर रेल्वेनं ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. केंद्र सरकारपुढे राज्याचं चालत नाही म्हणतात ते हेच असावं.

हे सगळं पुराण सुरू झालं आमच्या साडूंमुळे. साडू नागपूरला असतात. नागपूर म्हणजे आमच्यापासून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. पण चाळीस वर्षांत त्यांनी आमच्याकडे मुक्काम म्हणून केला नाही. बारसं असो, महालक्ष्म्या असोत, साडू सकाळच्या गाडीनं येत आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्यांची चुळबुळ सुरू होई. "निघायला हवं." का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुन्हा तेच : कर्ता नाही, कर्म नाही.

साडूंचं या विषयात तत्त्वज्ञान होतं. "भाऊराव," ते म्हणत, "दारू वाईट नसते. प्यायची रीत वाईट असते. फ्रान्सात पाहा, इटलीत पाहा. तिथं जेवणाबरोबर वाइन घेतात, जशी आपण कढी घेतो. कुणी गटारात पडतं का?" साडू स्वतः इटारसीच्या पलीकडे गेलेले नाहीत. 'इ'वरून सुरू होणारं तेवढंच त्यांनी पाहिलंय. पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हे मला पुढं कळलं.

आपल्याकडच्या कायद्याचंच घ्या. वर्ध्यात बंदी आणि बाकी महाराष्ट्रात मोकळीक, अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. सबंध महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदीचाच कायदा लागू आहे. पिणाऱ्यानं परवाना काढायचा, आणि तो त्याला कशासाठी मिळतो? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! म्हणजे पुण्यामुंबईच्या परमिट रूममध्ये रात्री अकरा वाजता जी गर्दी दिसते ती कायद्याच्या नजरेनं दवाखान्यातली रांग आहे. शिवाय वयाची अट. आपल्याकडे मत द्यायला अठरा वर्षं पुरतात, मुलाला लग्न करायला एकवीस लागतात, आणि व्हिस्कीला पंचवीस. सरकारनं धोक्यांचा चढता क्रम लावला असावा. लग्नाची जागा मात्र चुकली आहे असं माझं मत आहे. हे मत मी घरात वाचून दाखवलेलं नाही.

हा कायदा नवा असताना बालसरा नावाच्या एका पारशी गृहस्थांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि ओ-द-कोलोन जवळ बाळगू द्या आणि वापरू द्या, असं त्यांचं म्हणणं. १९५१ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : बंदी योग्य, पण औषधं आणि प्रसाधनं यांतल्या मद्यार्काला हात लावू नका. गृहस्थ व्हिस्कीसाठी गेले आणि ओ-द-कोलोन घेऊन आले. तिकडे अमेरिकेनं १९२० ते १९३३ बंदी करून पाहिली तेव्हाही औषधाची खिडकी उघडीच होती. खुद्द चर्चिल साहेब १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मोटारीखाली सापडले, तर डॉक्टरांनी त्यांना चिठ्ठी लिहून दिली की रुग्णास जेवणाच्या वेळी मद्याची आवश्यकता आहे, प्रमाण नक्की सांगता येत नाही, परंतु किमान अडीचशे घन सेंटीमीटर. अशा डॉक्टरांचा पत्ता साडूंनी माझ्याकडे दोनदा मागितला होता.

जग मी स्वतः पाहिलं ते मुलामुळे. तो स्टॉकहोमला नोकरीला होता आणि २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिने जाऊन राहिलो. युरोप म्हणजे चौकाचौकात मद्याचे पाट वाहत असणार, असं मनात धरून मी गेलो होतो. शनिवारी दुपारी मुलगा घाईघाईनं पिशवी घेऊन निघाला. म्हणाला, "बाबा, तीनला दुकान बंद होतं." कसलं दुकान? तर दारूचं. सरकारी. रविवारी तर उघडतच नाही. सौम्य बिअर सोडली तर अख्ख्या देशात घरी न्यायची दारू तेव्हा या एकाच सरकारी दुकानात मिळत असे. तीन वाजायला दहा मिनिटं असताना तिथून पिशव्या सांभाळत बाहेर पडणारी ती गोरी माणसं मी पाहिली आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तीच पिशवी अंगाशी धरण्याची तऱ्हा, तीच ओळखीच्या माणसाला पाहून न पाहिल्यासारखं करणारी नजर.

स्वीडनमध्ये १९२२ साली बंदी आणावी की नाही यावर लोकांची मतं घेतली गेली आणि बंदी अगदी थोडक्यात हरली. पण रेशनचं पुस्तक होतं, थेट १९५५ सालापर्यंत. आपल्याकडे साखरेसाठी असे तसं त्यांच्याकडे दारूसाठी. आणि लग्न झालेल्या बाईला ते पुस्तक सहसा मिळत नसे. नवऱ्याचं आहे ना, मग घरात आणखी कशाला! शेजारच्या फिनलंडनं तर १९१९ पासून तेरा वर्षं पुरी बंदी केली आणि १९३२ च्या चौथ्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी दहा वाजता दुकानं उघडली. तिकडची माणसं ही तारीख ५-४-३२-१० अशी अजून सांगतात. रॉकेट उडवताना उलटे आकडे मोजतात तशी.

आम्ही हेलसिंकीहून बोटीनं टॅलिनला गेलो. एस्टोनियात दारू स्वस्त, म्हणून फिनलंडची माणसं तिकडून भरभरून आणतात. अंतर ऐंशी किलोमीटर, वेळ दोन तास. परतीच्या बोटीत एक सत्तरीचे आजोबा आपल्या चाकांच्या गाडीवर खोक्यांवर खोकी रचून, वर कोट पांघरून, त्यावर हात ठेवून शांत बसले होते. नातवाला झोपवून बसावं तसे. मी हिला म्हटलं, "हा पाहा पुलगावचा पूल." ही म्हणाली, "सगळीकडे तुम्हांला तेच कसं हो दिसतं?"

आणि रीत म्हणाल तर प्रत्येकाची निराळी. जपानात म्हणे स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो. शेजाऱ्यानं तुमचा भरायचा, तुम्ही शेजाऱ्याचा. (या रीतीनं कुणाचा पेला रिकामा राहत नाही, हा तिचा दोष की गुण कोण जाणे.) जॉर्जियात मेजवानीला एक म्होरक्या असतो, तो उठून आधी देशाबद्दल, मग आईबद्दल, मग मेलेल्यांबद्दल भाषण करतो आणि प्रत्येक भाषणानंतरच प्यायचं. आपले काही अध्यक्ष तिथं गेले तर माणसं तहानेनं मरतील. इटलीत दारू चढलेली दिसणं हीच लाज. सोडल्यास वाइन कढीसारखी, हे साडूंचं बरोबर होतं. आइसलंडवाल्यांनी तर कमालच केली. त्यांच्याकडे १९३५ पासून कडक दारू चालत होती आणि कडक बिअर बंद होती, ती १९८९ च्या मार्चपर्यंत.

आमच्या इथंही रीत नव्हती असं नाही. गोंडांमध्ये मोहाची दारू जन्माला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते, आणि तोंडाला लावण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर सांडायचे असतात, पितरांसाठी. आपल्यासोबत कोण कोण बसलंय याचा त्यात हिशेब असतो. आणि नीरेचं काय सांगावं! वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ होता तेव्हा ताडगुळाचा मोठा पुरस्कार झाला. पहाटे झाडावरून उतरवलेला रस म्हणजे नीरा, सात्त्विक पेय. तोच रस उन्हात राहिला की ताडी किंवा शिंदी, म्हणजे गुन्हा. झाड तेच, मडकं तेच, रस तोच. सूर्य तेवढा वर आलेला. एवढ्या लवकर बिघडणारा साधू मी दुसरा पाहिला नाही.

आता मी माझ्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो.

साल १९८३. साडूंनी नागपुरात घर बांधलं त्याची वास्तुशांत. जेवणं झाल्यावर रात्री गच्चीवर मंडळी 'बसली'. मी न घेणारा. आग्रह सुरू झाला. शेवटी साडूंनी लिंबू-सोड्याचा ग्लास हातात दिला आणि कानात म्हणाले, "जीन घातली आहे. वास येत नाही. घरी कळणार नाही." मी एक संपवला, मग दुसरा. आणि काय सांगू, अंग हलकं झालं, कान गरम झाले, मी नाट्यगीत म्हटलं, तेही दोन अंतऱ्यांसकट. रात्रीच्या गाडीनं मला एकट्याला परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी बँक होती. सायकलरिक्षा केली. रिक्षावाला म्हातारा होता. स्टेशनावर उतरल्यावर त्यानं आठ आणे जास्त मागितले; चढ होता, रात्र होती. आणि मी त्याला बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बापाच्या वयाच्या माणसाला मी आयुष्यात तसं बोललो नव्हतो, नंतरही बोललो नाही. तो म्हातारा चिडला नाही. रिक्षा वळवताना म्हणाला, "असू द्या साहेब. घेतलेली हाय तुम्ही."

पुढच्या महिन्यात साडू भेटले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लासात जीन नव्हती. लिंबू, साखर, मीठ आणि सोडा. सगळ्या गच्चीला ठाऊक होतं, मी सोडून.

मीही हसलो. हसण्याशिवाय काय करणार? पण घरी आल्यावर मला त्या रात्रीचा रस्ता पुन्हा आठवू लागला, आणि एक बारीकशी गोष्ट आठवली. वाटेत व्हरायटी चौकात एक पोलीस उभा होता. त्याला पाहताच मी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं, रिक्षात ताठ बसलो होतो, आणि त्यानं पाहिल्यावर अदबीनं मान लववली होती. त्यानंतर दहा मिनिटांत रिक्षावाला. म्हणजे मला 'चढलेली' असतानाही कुणापुढे उतरवायची आणि कुणापुढे चढवायची हे पक्कं कळत होतं. आणि चढलेली तर नव्हतीच! त्या म्हाताऱ्यानं जी क्षमा केली ती त्यानं दारूला केली होती. मी ती खिशात घालून वर्ध्याला आलो. परत द्यायला तो पुन्हा दिसला नाही. दिसला असता तर मी ओळख दाखवली असती का, हेही मला सांगता येत नाही.

अशा गमती नंतर शास्त्रात सापडतात. १९७५ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी हेच केलं होतं. पुरुषांना पेये दिली. काहींना सांगितलं व्होडका आहे, काहींना सांगितलं नुसतं टॉनिक. प्रत्यक्षात सांगितलेलं आणि दिलेलं यांचा मेळ मुद्दामच बसवला नव्हता. मग त्यांतल्या काहींना डिवचलं आणि सगळ्यांना समोरच्याला विजेचा धक्का देण्याची संधी दिली. ज्यांना वाटत होतं आपण व्होडका प्यालो, त्यांनी जास्त जोराचे धक्के दिले. पोटात काय गेलंय याला महत्त्व नव्हतं. त्याआधी १९६९ साली मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या दोघांचं 'ड्रंकन कंपोर्टमेंट' नावाचं पुस्तक आलं होतं. मुलाच्या एका मित्रानं ते मला स्टॉकहोमला वाचायला दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दारूनं जीभ जड होते, तोल जातो, हे सगळ्या जगात सारखं, पण प्याल्यावर माणूस रडेल, गाईल, मारेल की गप्प बसेल, हे तो आपल्या समाजाकडून शिकलेला असतो. दारू प्यालेल्याला थोडा वेळ सुट्टी द्यायची असं समाजानं ठरवलेलं असतं, आणि त्या सुट्टीलाही कुंपण असतं. भान हरपलेला माणूससुद्धा कुंपण ओलांडत नाही.

जपानात अशी सुट्टी उघड असते म्हणतात : कचेरीनंतरच्या बैठकीत हुद्दे बाजूला ठेवायचे, आणि तिथं बोललेलं दुसऱ्या दिवशी मनात धरायचं नाही. आपल्याकडे ती जाहीर नसते एवढंच. एरवी सगळी सोय आहे.

हे पुस्तक वाचायला मला युरोपात जावं लागलं, याची नंतर लाज वाटली, कारण त्यातलं सार आमच्या घरी रोज भांडी घासायला येत होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई जवळच्याच एका खेड्यातून येत. अधूनमधून गालावर, दंडावर काळंनिळं असे. विचारलं की "पडली." एकदा मी फार समजूतदारपणे म्हणालो, "नवरा तसा माणूस वाईट नाही हो तुमचा. दारू वाईट." हे वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं असेल. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काका, दारू वाईट हाय न, मंग थो जमादाराले काऊन नाई मारत? त्याले पाह्यलं का हात जोडते. सरपंचाले पाह्यलं का रामराम घालते. घरी आला का मंगच चढते त्याले. दारूले सगळं समजते, काका."

मी पेपर वर केला.

आपल्याला हे शिकवलंय कुणी? माझा संशय आपल्या नाटकांवर आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत आमच्या विदर्भातच, सावनेरला गेले आणि त्याच वर्षी 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं मराठी माणूस ते पाहून रडतो आहे. सुधाकरासाठी रडतो, सिंधूसाठी रडतो, आणि बाहेर येऊन म्हणतो, काय सोन्यासारखा माणूस, दारूनं काय केलं त्याचं! नाटकाचं नाव 'सुधाकर' नाही, हे पाहा. आरोपीच्या पिंजऱ्यात पेला उभा आहे. आणि सिंधू मरतानाही नवऱ्यालाच सांभाळून घेते. गडकऱ्यांना बोल लावण्याची माझी छाती नाही. पण सुधाकर प्यायला लागला तो कोर्टात झालेल्या अपमानानं, आणि हात उगारला तो मात्र घरात, हे नाटककारानं अगदी बरोबर लिहून ठेवलंय. आपण ते पाहत नाही, कारण रुमाल डोळ्यांना असतो.

कायदा आपल्याइतका हळवा नाही. १८६० सालच्या दंडसंहितेत पंचाऐंशीवं कलम होतं, आता नव्या संहितेत ते तेविसावं झालंय : दुसऱ्यानं नकळत किंवा बळजबरीनं पाजली असेल आणि शुद्धच उरली नसेल तर सूट, आपल्या हातानं प्यालेल्याला नाही. (माझं प्रकरण यात कुठं बसतं, यावर मी एका वकिलाशी बोललो. त्यांनी विषय बदलला.) फार जुन्या काळी ग्रीसमधल्या मिटिलिनी गावात पिटाकस नावाचा राज्यकर्ता होता. ॲरिस्टॉटलनं त्याचा कायदा नोंदवून ठेवलाय : गुन्हा प्यालेल्या स्थितीत केला असेल तर शिक्षा दुप्पट. एक गुन्ह्याची, एक पिण्याची. साडूंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर ग्रीस बुडालं."

मग बंदीचा उपयोग काय? जिल्हा कोरडा करून माणसातली ही विद्या जाणार आहे का? मी हा प्रश्न मोठ्या ऐटीत त्या बाईंनाच विचारला. मला वाटलं, त्या म्हणतील, काही उपयोग नाही. मला एक चांगला मुद्दा मिळाला असता.

"बंदी राहू द्या, काका," त्या म्हणाल्या. "मारते म्हणून सांगतलं त म्हणते, थो तुमच्या घरचा मामला हाय. दारू आणली म्हणून सांगतलं त गाडी येते."

एवढं बोलून त्या परातीकडे वळल्या. बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध मी पुष्कळ वाचलं आहे. महसूल, आरोग्य, व्यक्तिस्वातंत्र्य, गांधी, मद्यसम्राट, सगळं. हा मुद्दा त्यात कुठं नव्हता. बाटलीसाठी गाडी येते, बाईसाठी येत नाही; म्हणून बाईनं बाटलीच्या आडून हाक मारायची. ज्या बायकांनी गावोगाव मोर्चे काढून बंदी मागितली त्या भोळ्या होत्या असं शहरातली शहाणी माणसं म्हणतात. मीही एकेकाळी म्हणत असे.

साडूंच्या घरची गोष्ट याहून वेगळी नव्हती, फक्त तिथं कुणाचा दंड काळानिळा होत नसे. चार ग्लास झाले की चारचौघांत त्यांचं एक ठरलेलं वाक्य येई : "या बाईला गळ्यात बांधून घेतलं नसतं, तर आज मी कुठच्या कुठे असतो." ही बाई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ताई. ताई ताटं उचलत असे. आणि कुणीतरी, बहुधा मीच, तिच्यामागे आत जाऊन म्हणे, "मनावर घेऊ नका, ताई. घेतलेली आहे त्यांनी." चाळीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. साहेबांपुढे मात्र साडू कितीही प्याले तरी "सर, सर" करत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एका निरोपसमारंभात त्यांच्याशेजारीच बसलो होतो.

गेल्या वर्षी साडूंना डॉक्टरांनी तंबी दिली. यकृत. साडूंनी एका दिवसात सोडली, माणूस निश्चयाचा. सगळ्यांना आनंद झाला. ताईनं सत्यनारायण घातला. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा साडू आमच्याकडे मुक्कामाला आले, संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले तरी चुळबुळ न करता. रात्री भाकरी, पिठलं, ठेचा. साडू लवकर झोपले.

सकाळी आम्ही ओसरीत बसलो होतो. गवती चहा आणि आलं घातलेला चहा झाला होता. साडूंनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला. साखर जरा कमी पडली असावी. ताईकडे न पाहताच ते म्हणाले, "या बाईला गळ्यात बांधून घेतलं नसतं, तर आज मी कुठच्या कुठे असतो."

एक अक्षर इकडेतिकडे नाही. तोच आवाज, शेवटच्या शब्दावर तोच हेल. ताई साखरेचा डबा आणायला उठली. सवयीनं मीही उठलो, तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तोंड उघडलं, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना.

आत मोरीशी बाई कप विसळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हिच्याकडे सरकून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "यायले इतक्या सकायी कोठून भेटली वो काकू?"